भाडेकरू फोन उचलत नाही, दाराला कुलूप आहे. मालकाने दार उघडायचं का?



खोल्या आणि गाळे बांधून भाड्याने द्यायचा व्यवसाय कसा सुरू करायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. बांधकाम, कर्ज, भाडं ठरवणं, डिपॉझिट, सगळं झालं. पण एक विषय मी दोन मिनिटांत उरकला होता: खोली भाड्याने दिल्यावर त्या दाराच्या आत जायचा तुमचा हक्क किती उरतो? ही माझी चूकच झाली. ती नातेपुत्याच्या एका दादांच्या फोनमुळे लक्षात आली, म्हणून आज हा लेख.

दादांचं पुणे-पंढरपूर रस्त्याला लागून घर आहे. खाली दोन गाळे, वर चार खोल्या. खोल्यांत शिक्षक, बँकेतली मुलं, कंपनीच्या वसुलीवर फिरणारी माणसं राहतात. बांधकामाचं कर्ज आहे, हप्ता दर महिन्याला जातो. त्यांचा फोन आला तो आषाढीच्या आधी. माउलींची पालखी बरडहून निघून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुत्याला मुक्काम करते, हे तुम्हाला माहीतच आहे. दादांच्या घरी एक दिंडी वडिलांच्या काळापासून उतरते.

दादा म्हणाले, "सर, तीन नंबरच्या खोलीतला पोरगा बावीस दिवस झाले गायब आहे. फोन बंद. दोन महिन्यांचं भाडं थकलंय. परवा पालखी येतीय, माणसं जास्त आहेत. माझ्याकडं दुसरी चावी आहे. खोली उघडतो, त्याचं सामान एका कोपऱ्यात लावतो, एक रात्र माळकरी माणसं झोपतील, सकाळी पुन्हा कुलूप. खोली माझी, भिंत माझी, चावी माझी. मग विचारायचं कुणाला?"

तुम्ही दादांच्या जागी असता तर काय केलं असतं? खरं सांगा. बहुतेकांनी चावी लावली असती. हेतू वाईट नाही, एका रात्रीचा प्रश्न आहे आणि पाहुणे वारकरी आहेत.

मी त्यांना सांगितलं, "दादा, चावी खिशातच ठेवा." का सांगितलं, ते आता नीट समजून घेऊ. पुढे दादांचं काय झालं तेही सांगतो.

मालकी तुमची, ताबा त्याचा

सगळा घोळ एका गोष्टीमुळे होतो. आपण मालकी आणि ताबा एकच समजतो. कायदा या दोन गोष्टी वेगळ्या धरतो.

शेतीचं उदाहरण घ्या. तुम्ही रान खंडाने दिलं. सातबाऱ्यावर नाव तुमचंच. पण त्याने लावलेल्या उभ्या उसात तुम्ही विळा घेऊन शिरता का? नाही शिरत. कारण रान तुमचं असलं तरी त्या मुदतीत वहिवाट त्याची आहे. खोलीचंही तसंच. भाडं घेऊन किल्ली दिली, त्या दिवसापासून आत राहण्याचा, दार लावून घेण्याचा आणि कुणाला आत घ्यायचं ते ठरवण्याचा हक्क तुम्ही त्याला विकला आहे. भाडं म्हणजे त्या हक्काची किंमत.

आणि भाडं थकलं म्हणून तो हक्क आपोआप परत येत नाही. थकलेलं भाडं ही उधारी आहे. उधारी वसूल करायचे रस्ते वेगळे आहेत.

कायदा काय सांगतो?

आता थोडं कायद्याचं. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ मध्ये मालकाला जागेची पाहणी करायचा हक्क दिलेला आहे. भाडेकरू असो की लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा, दोघांनाही हे लागू. पण दोन अटी आहेत: आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळी जायचं. म्हणजे पाहणीचा हक्क आहे, पण न सांगता आत शिरायचा हक्क नाही. रात्री दहाला "जरा बघायचं होतं" म्हणून दार वाजवणं यात बसत नाही.

हा कायदा राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही, तो ठरावीक क्षेत्रांना लागू आहे. नातेपुते आता ग्रामपंचायत राहिलं नाही, नगरपंचायत झालं आहे. तरी तुमच्या हद्दीला तो लागतो का, हे तालुक्याच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. लागत नसेल तर मोकळं रान मिळालं असं समजू नका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ आहेच. त्याचं कलम १०८ दोन्ही बाजू सांगतं: भाडेकरूने मालकाला वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू द्यायची, आणि भाडेकरू करार पाळत असेल तर मालकाने त्याला मुदतभर बिनअडथळा राहू द्यायचं.

आता दुसरी बाजू. भारतीय न्याय संहितेत कलम ३२९ आहे, गृह अतिक्रमणाचं. त्यात "दुसऱ्याच्या मालकीच्या" जागेत शिरणं असं म्हटलेलं नाही. "दुसऱ्याच्या ताब्यातल्या" जागेत शिरणं असं म्हटलं आहे. ताबा असणाऱ्याला धमकावायला, त्याचा अपमान करायला किंवा त्रास द्यायला तुम्ही शिरलात, तर घर तुमच्या नावावर असूनही तक्रार होऊ शकते. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि विशिष्ट साहाय्य अधिनियम १९६३ चं कलम ६. तुम्ही कुणाला कायद्याचा मार्ग सोडून जागेबाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही. तुम्ही खरेदीखत घेऊन उभे राहिलात तरी कोर्ट एवढंच बघणार की ताबा कुणाचा होता आणि तो कसा काढून घेतला.

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकट राव या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. एखादा माणूस जागेत स्थिरपणे ताबा धरून असेल, तर त्याला तिथे राहण्याचा हक्क नाही असं जरी धरलं, तरी मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच काढायचं. स्वतः जाऊन काढायचं नाही.

म्हणून दादांना म्हटलं, चावी खिशात ठेवा.

तीन वेगवेगळ्या परिस्थिती

"भाडेकरू प्रतिसाद देत नाही" हे एक वाक्य आहे, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. आपली कोणती आहे ते आधी ओळखा. औषध आजाराप्रमाणे द्यायचं.

पहिली परिस्थिती: तुम्हाला आत काम आहे. भिंतीला ओल आली आहे, स्लॅब गळतोय, नवा भाडेकरू बघायला येणार आहे. इथे सूचना द्या. व्हॉट्सअॅपवर आणि कागदावर, दोन्हीकडे. तारीख, वेळ, कारण लिहा. उत्तर आलं नाही तर पुन्हा द्या. दोन वेळा देऊनही उत्तर नसेल तर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तो घरात असून येऊ देत नसेल, तर वकिलामार्फत नोटीस आणि पुढे कोर्ट. ढकलून आत जायचं नाही.

दुसरी परिस्थिती: आत धोका आहे. गॅसचा वास येतोय, धूर दिसतोय, दाराखालून पाणी वाहतंय, आतून कण्हण्याचा आवाज येतोय, किंवा एकटा राहणारा माणूस दोन दिवस दिसला नाही आणि दार आतून बंद आहे. इथे नोटिशीची वाट बघत बसायचं नाही. पण एकट्याने दार तोडायचंही नाही. ११२ ला फोन करा, शेजारच्या दोन जबाबदार माणसांना बोलवा आणि पोलिसांसमोर दार उघडा. आगच लागली असेल आणि पोलीस यायला वेळ असेल, तर जीव आधी वाचवा. साक्षीदार मात्र बरोबर हवेतच.

तिसरी परिस्थिती: माणूस गायब आहे. धोक्याचं काही चिन्ह नाही. बाहेरून कुलूप आहे, फोन बंद, भाडं थकलेलं. दादांची परिस्थिती ही होती. इथे माणूस शोधायचा. कुलपाला हात लावायचा नाही.

तळेगावची गोष्ट

दुसरी परिस्थिती किती खरी आहे, ते एका घटनेवरून सांगतो. ज्येष्ठ अभिनेते रवींद्र महाजनी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. 'झुंज', 'मुंबईचा फौजदार' हे त्यांचे चित्रपट आपल्या आधीच्या पिढीने थिएटरात जाऊन पाहिले. शेवटच्या काळात ते तळेगाव दाभाडेजवळच्या आंबी इथे भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत होते. जुलै २०२३ मध्ये त्या फ्लॅटमधून दुर्गंधी येऊ लागली. रहिवाशांनी पोलिसांना कळवलं. दार बंद होतं. पोलिसांनी ते तोडलं आणि १४ जुलैला त्यांचा मृतदेह मिळाला. मृत्यू दोन-तीन दिवस आधीच झाला असावा असा अंदाज होता.

लाखो लोक ओळखत असलेल्या माणसाच्या बाबतीत हे घडू शकतं, तर तुमच्या खोलीत राहणाऱ्या परगावच्या मुलाचं काय?

यातून आपण धंदेवाल्यांनी दोन गोष्टी घ्यायच्या. एक, तिथल्या लोकांनी योग्य केलं: स्वतः दार न फोडता पोलिसांना बोलावलं. अशा प्रसंगी आत काय दिसेल माहीत नसतं. मृत्यू झालेला असेल तर पंचनामा होतो, कुणी कशाला हात लावला हे विचारलं जातं. तुम्ही एकटे आत गेलात तर चौकशीत पहिला प्रश्न तुम्हालाच. दोन, एकटा राहणारा भाडेकरू असेल तर त्याची चौकशी करणं हे मालकाचं, शेजाऱ्याचं, माणूस म्हणून काम आहे. दर रविवारी "काय दादा, बरं आहे ना?" एवढा एक मेसेज. यात त्याच्या खाजगी आयुष्यात शिरणं नाही.

कुलूप तोडलं तर नुकसान कुणाचं?

आता हिशोब करू. आपण व्यवसाय करतोय, भावनेने निर्णय घ्यायचा नाही.

समजा खोलीचं भाडं ४,००० रुपये. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे १२,०००. दोन महिने थकले, म्हणजे ८,०००. वीजबिल धरा हजार. एकूण ९,०००. अजून ३,००० तुमच्याच हातात आहेत. म्हणजे बावीस दिवस फोन बंद असला तरी आजच्या तारखेला तुमचं एक रुपयाचंही नुकसान झालेलं नाही! डिपॉझिट याच दिवसासाठी घेतलेलं असतं.

आता कुलूप तोडलं असं धरा. भाडेकरू महिन्याने परत आला आणि म्हणाला, "माझ्या कपाटात सोन्याची चेन होती." होती की नव्हती, तुम्ही कसं सिद्ध करणार? पंचनामा नाही, साक्षीदार नाही, भाडेकरू हजर नाही. पोलीस ठाण्याच्या चकरा, वकिलाची फी, गावात चर्चा. उरलेल्या तीन खोल्यांतले भाडेकरू काय विचार करतील? "आपण गावाला गेलो की हा माणूस आपली खोली उघडतो." नऊ हजारांच्या उधारीपायी चार खोल्यांचा धंदा घालवायचा का?

आणि भाड्याचा व्यवसाय करताना वर्षाला बारा महिन्यांचं भाडं कधीच धरू नका. दहा महिन्यांचं धरा. एखादी खोली रिकामी राहते, एखाद्याचं भाडं थकतं. कर्जाचा हप्ता दहा महिन्यांच्या भाड्यावर बसत असेल तरच बांधकाम काढा. हप्त्याचा ताण असलेला मालक घाई करतो, आणि चुकीचं पाऊल त्या घाईत पडतं.

गायब भाडेकरूसाठी पायऱ्या

ही यादी लिहून ठेवा. एक पायरी सोडून पुढच्या पायरीवर जायचं नाही.

१. फोन, मेसेज, व्हॉट्सअॅप. स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

२. करारात लिहिलेल्या दोन नातेवाइकांना फोन. कामाच्या ठिकाणी चौकशी. मूळ गावच्या पत्त्यावर निरोप.

३. तरी पत्ता नाही तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज: "माझा भाडेकरू अमुक तारखेपासून संपर्कात नाही, खोलीला बाहेरून कुलूप आहे." अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. माणूस हरवला असेल तर शोध सुरू होतो, आणि तुम्ही प्रामाणिक आहात याची नोंदही होते.

४. खोलीच्या पत्त्यावर आणि त्याच्या मूळ पत्त्यावर पोस्टाने नोटीस. एक प्रत दारावर चिकटवा, फोटो काढा.

५. करार लिव्ह अँड लायसन्सचा असेल आणि मुदत संपली असेल, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज. मुदत संपल्यानंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

६. साधा भाडेकरू असेल तर कोर्टात दावा. थकीत भाड्यासाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावं लागतं. जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी सलग सहा महिने विनाकारण वापरली नाही, हेही त्या कायद्यात ताबा मागण्याचं एक कारण आहे. पण नीट वाचा: सहा महिने जागा बंद राहिली म्हणून कुलूप तोडायचा हक्क मिळत नाही. कोर्टात जायचं कारण मिळतं.

७. कोर्टाचा आदेश झाल्यावर, त्या आदेशाप्रमाणे, पंचांसमोर, सामानाची यादी करून दार उघडा.

वेळ लागतो का? लागतो. म्हणूनच खरं काम भाडेकरू आत यायच्या आधी करायचं असतं.

करारातच दार उघडं ठेवा

आपल्याकडे गावात अजून तोंडी व्यवहार चालतो. "ओळखीचा आहे, कागद कशाला?" पण कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी केलेला करार नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातात, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. आणि खर्च किती? लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का आहे. डिपॉझिटवर धरलेलं व्याज त्यात मिळवतात, नोंदणी फी वेगळी. तरीही एका महिन्याच्या भाड्याच्या आत काम होतं, आणि नोंदणी ऑनलाइनही होते.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला. राज्यांनी स्वीकारला तरच तो लागू होतो. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. पण त्या नमुन्यातलं एक कलम आपल्या कामाचं आहे: किमान २४ तास आधी सूचना, सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर प्रवेश नाही, आणि आग, पूर, भूकंप अशा आपत्तीत सूचनेशिवाय प्रवेश. इंग्लंडमध्येही दुरुस्तीची पाहणी करायला मालकाला २४ तास आधी लेखी कळवावं लागतं. मग आपल्या करारात ही अट घालायला काय हरकत आहे? दोघांनी सही केली की ती दोघांचीच अट.

हा मजकूर वकिलाला दाखवून तुमच्या करारात घाला:

"मालक किमान २४ तास आधी लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर कळवून, सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत, दुरुस्ती किंवा पाहणीसाठी जागेत येऊ शकेल. त्या वेळी राहणारी व्यक्ती किंवा तिने नेमलेली व्यक्ती हजर राहील. आग, गॅसगळती, पाण्याची गळती, पूर किंवा जीविताला धोका अशा प्रसंगी मालक पूर्वसूचनेशिवाय, दोन साक्षीदारांसमक्ष व पोलिसांना कळवून जागेत प्रवेश करू शकेल आणि तसे २४ तासांत लेखी कळवेल. सलग १५ दिवस संपर्क न झाल्यास मालक खाली नमूद केलेल्या दोन व्यक्तींशी संपर्क साधेल व त्यांच्या उपस्थितीत जागेची पाहणी करू शकेल."

त्याखाली दोन नातेवाइकांची नावं, नंबर, मूळ गावचा पत्ता, कामाचं ठिकाण. चावी देण्याआधी दोन्ही नंबर स्वतः लावून बघा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यातही द्या.

पाहणीसाठी सूचना द्यायची असेल तर एवढी पुरे:

"आपण राहत असलेल्या खोली क्रमांक ३ च्या मागील भिंतीला ओल आली आहे. तिची पाहणी करण्यासाठी मी गवंड्यासह दिनांक ... रोजी सकाळी ११ वाजता येणार आहे. आपण किंवा आपल्या वतीने कोणी हजर राहावे. ही वेळ सोयीची नसल्यास पुढील तीन दिवसांतील सोयीची वेळ कळवावी. सही, तारीख."

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. तुम्ही वेळ बदलायची संधी दिली. उद्या विषय कोर्टात गेला तर तुम्ही वाजवी वागलात, हे या एका ओळीवरून दिसतं.

आणि बांधकाम चालू असेल तर आत्ताच एक करा. प्रत्येक खोलीचा पाण्याचा व्हॉल्व्ह आणि विजेचा मेन स्विच खोलीच्या बाहेर घ्या. आत नळ चालू राहिला तर दार न उघडता पाणी बंद करता येतं. निम्म्या भानगडी तिथेच मिटतात. पण हा व्हॉल्व्ह धोक्यासाठी आहे, वसुलीसाठी नाही. भाडं देत नाही म्हणून पाणी किंवा वीज तोडणं कलम २९ प्रमाणे मनाई आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"माझ्याकडे डुप्लिकेट चावी असू शकते का?" असू द्या, पण भाडेकरूला माहीत असू द्या आणि करारात लिहा. चावी असणं म्हणजे परवानगी असणं नाही.

"त्याच्या कुलपावर माझं कुलूप लावलं तर?" तेही नको. तुम्ही त्याला त्याच्या ताब्यातल्या जागेपासून अडवताय. दार तोडणं आणि दार अडवणं, दोन्हींत तुम्ही कायदा हातात घेताय.

"त्याने गाडीत सामान भरून नेलं, खोली उघडीच टाकली. आता?" मग त्याने जागा सोडली असं म्हणायला आधार आहे. तरीही त्याला किंवा नातेवाइकांना मेसेज करून "जागा सोडली" असं उत्तर लेखी घ्या. दोन साक्षीदारांसमोर व्हिडिओ काढा, उरलेल्या सामानाची यादी करा, मगच नवीन भाडेकरू ठेवा.

तुम्ही भाडेकरू असाल तर

आपल्यापैकी बरेच जण मालक नाहीत, गाळा भाड्याने घेऊन धंदा करणारे आहेत. मीही तसाच होतो. क्लास सुरू केला तेव्हा एका तालुक्याच्या गावी गाळा घेतला होता. घरात लग्न होतं म्हणून दहा दिवस क्लास बंद ठेवला, मालकांना सांगितलं नाही. परत आलो तर माझ्या कुलपावर त्यांचं कुलूप. आत दोन कॉम्प्युटर, मुलांच्या फीच्या पावत्या, सगळं. बाहेर तीस पोरं उभी. मालकांना वाटलं, मी भाडं बुडवून पळालो. कुलूप निघालं तिसऱ्या दिवशी. त्या तीन दिवसांत सहा मुलं दुसऱ्या क्लासला गेली.

चूक त्यांची होती, कायद्याने तर होतीच. पण एक मेसेज केला असता तर ती वेळच आली नसती, हेही खरं. म्हणून दुकान दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवणार असाल तर मालकाला कळवा. भाडं बँकेतून द्या, रोख दिलं तर पावती घ्या. नंबर बदलला तर त्याच दिवशी सांगा. आणि मालक रीतसर सूचना देऊन पाहणीला येत असेल तर अडवू नका, तो त्याचा हक्क आहे.

दादांचं पुढे काय झालं?

दादांनी चावी लावली नाही. करार तोंडीच होता, नातेवाइकाचा नंबर नव्हता. पण पोराने एकदा मेव्हण्याच्या नंबरवरून भाडं पाठवलं होतं. तो मेसेज शोधायला अर्धा दिवस गेला. मेव्हण्याला फोन लावला तेव्हा कळलं की पोराचा मोटरसायकलचा अपघात झाला होता. पुण्याला दवाखान्यात होता, मोबाइल अपघातात फुटला. घरच्यांना खोलीमालकाचा नंबर माहीत नव्हता. तेही काळजीत होते की मालक सामान बाहेर फेकेल.

दिंडीची माणसं त्या रात्री दादांच्या हॉलमध्ये आणि शेजाऱ्यांच्या ओट्यावर झोपली. जागा कमी पडली, पण माउलींच्या वाटेवर कुणी तक्रार करत नाही.

पालखी पुढे गेल्यावर पोराची बायको आणि मेव्हणा आले. दादांनी शेजारच्या गुरुजींना बोलावलं आणि त्यांच्यासमोर दार उघडलं. पत्र्याच्या पेटीत कंपनीच्या वसुलीचे साठ हजार रुपये आणि पावतीपुस्तक होतं. मेव्हण्याने ते सगळ्यांसमोर मोजलं. रक्कम पावत्यांशी जुळली.

दादा मला फोनवर म्हणाले, "सर, त्या रात्री पंधरा माणसं त्या खोलीत झोपली असती आणि एक नोट जरी कमी भरली असती, तर मी कुणाचं नाव घेतलं असतं? वारकऱ्याचं?"

थकलेलं भाडं मेव्हण्याने त्याच दिवशी दिलं. पोरगा बरा होऊन परत आला आणि अजून त्याच खोलीत आहे. या वेळी मात्र नोंदणी केलेल्या करारावर, खाली दोन नंबर लिहून.

तर मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्याकडे एक खोली जरी भाड्याने दिलेली असेल, तर आज संध्याकाळी वही काढा. प्रत्येक भाडेकरूच्या नावापुढे दोन नातेवाइकांचे नंबर, मूळ गाव आणि कराराची शेवटची तारीख लिहा. एखादा रकाना रिकामा राहिला तर तो उद्याच विचारून भरा. आणि तुमचं प्रकरण आधीच वादात असेल तर हा लेख वाचून थांबू नका, कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सांभाळा, माणसंही सांभाळा.